तांब्याचा घाट आणि शिकलेली माणसे

आपल्या इंदुरीत इतिहास म्हटला की बोट गढीकडे जाते. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांचा इंद्रायणीकाठचा तो किल्ला, आतली कडजाई, आणि पतीच्या व पुत्राच्या मागे घराण्याचा कारभार सांभाळणाऱ्या उमाबाई, हे सारे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी मी निराळाच इतिहास निवडला आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठमोठ्या विद्यालयांविषयी मी लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण ती विद्यालये ज्या वस्तूंचा विचार करतात त्या तर आपल्याच घरात असतात. तांब्या, सूप, कळशी, चूल! वस्तू हाताला कशी बसावी, उचलायला किती जड असावी, घासायला कशी सोपी पडावी, हे ठरविण्याच्या विद्येला डिझाईन म्हणतात. आपला जुना शब्द घाट. ही विद्या शिकणारे व शिकविणारे लोक सामान्य माणसांकडे कसे गेले, आणि त्यातून कोणाचे काय झाले, एवढेच मला सांगायचे आहे.

फार लांब जायला नको. आपल्या शेजारी तळेगावला 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी वर्षाला एक पैसा गोळा करून तो फंड उभारला होता आणि लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. जपान व अमेरिकेत काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे पहिल्या काळात तिथे कामाला होते. तो नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती. दूरदूरच्या प्रांतांतले तरुण इथे येऊन काच करायला शिकले आणि आपापल्या मुलुखात परत गेले. लोकांच्या पैशाने विद्या आणावी आणि ती लोकांना वाटावी, असा तो सरळ व्यवहार होता.

पुढे स्वराज्य आले. 1958 साली भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकेतले पतिपत्नी आपल्या देशात हिंडले आणि त्यांनी सरकारला अहवाल लिहून दिला. हिंडताना जेवढ्या सुंदर वस्तू दिसल्या त्यांत त्यांना सर्वांत थोर कोणती वाटली? ताजमहाल नव्हे, शालू नव्हे, तर लोटा, म्हणजे आपला तांब्या! पाणी किती लागते, ते आणणाऱ्याचा हात केवढा, डोक्यावर न्यायचे की कमरेवर, भरल्यावर तोल कसा राहतो आणि रिकामा असताना कसा, ओतताना धार कशी पडते, आत हात घालून घासता येतो का, अशा प्रश्नांची मोठी यादीच त्यांनी दिली होती. कोणा एकाने बसून तांब्याचा घाट काढलेला नाही, तो पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी घडविला, असे त्यांचे म्हणणे. मला हे वाचून दाखविले तेव्हा फार गंमत वाटली. यादीतला प्रत्येक प्रश्न भांडी घेताना आपण दुकानात उभ्या उभ्या सोडवतो. मात्र त्याला विद्या म्हणतात हे माहीत नव्हते. त्याच अहवालावरून 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था सुरू झाली, आणि 1969 साली मुंबईत पवईच्या आय. आय. टी.मध्ये याच विषयाचे केंद्र निघाले.

अहमदाबादच्या मंडळींची एक गोष्ट मला विशेष वाटते. 1975 साली रवी मथाई नावाचे प्राध्यापक राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा भागात गेले. ते तिथल्या व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले, म्हणजे मोठ्या हुद्द्याचे गृहस्थ. जवाजा दुष्काळी, आणि इथे काही होण्यासारखे नाही असे सरकारी मत. मथाईंनी पाहिले की पाणी नाही, पण लोकांच्या हातात चामड्याचे काम आहे, विणकाम आहे. डिझाईन संस्थेची माणसे बोलावली गेली. पिशव्या आणि सतरंज्या असा शहरात खपेल असा माल कारागिरांबरोबर बसून ठरविला, आणि हिशेब, खरेदी, विक्री हेही कारागिरांनीच शिकावे असा आग्रह धरला. आपण हळूहळू बाजूला व्हायचे, हे मथाईंनी आधीच ठरविले होते. कारागिरांचा स्वतःचा संघ झाला. बाजूला होणे हे मदत करण्याहून कठीण असते. सुनेच्या हाती स्वयंपाकघर देताना आपल्याला ते कळतेच.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट, आणि तीत थोडे दुःख आहे. डहाणूकडच्या वारली लोकांत लग्नाचा चौक असतो. शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाष्णी तो काढतात. त्याला काढणे म्हणत नाहीत, चौक लिहिणे म्हणतात. मध्ये पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते, तिच्यावाचून लग्न लागत नाही. 1970 नंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी तिकडे कागद आणि पांढरा रंग घेऊन गेले. ते प्राध्यापक नव्हते, पण काम तेच. भिंतीवरचे कागदावर आले म्हणजे विकता येईल, हा हेतू चांगलाच होता. बायका बुजल्या. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी मात्र कागद हाती घेतला. ते खरे कलावंत. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते वारले. वारली चित्रांना 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आज ती चित्रे साड्यांवर, कपांवर, कचेऱ्यांच्या भिंतींवर आहेत.

मशे यांच्या मानात मला काही कमी करायचे नाही. पण चौक लिहिणाऱ्या त्या सवाष्णींपैकी एकीचे तरी नाव आपल्याला येते का? भिंतीवर होते तोवर ते बायकांचे काम होते. कागदावर येऊन त्याला किंमत आली आणि मग नाव बहुतेक पुरुषांचे झाले. बाहेरून आलेल्यांनी कागद कोणाच्या हाती द्यायचा याचा विचार आधी करायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुलीचीही तीच कथा. 1983 साली सरकारने सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना काढली. धूर डोळ्यांत जाऊ नये, छातीत भरू नये, लाकूड कमी लागावे. यापेक्षा चांगला हेतू कोणता? माझ्या माहेरी अशी चूल बसविली होती. नळकांडे होते, धूर वर जाई. पण तोंड इतके अरुंद की निखारे पुढे ओढून भाकरी टेकवायला जागाच नाही. भाकरी तव्यावर अर्धी होते, ती फुगते निखाऱ्यांपाशी. शिवाय मोठे पातेले भोकावर नीट बसत नसे, नळकांड्यात काजळी साचे आणि ते साफ करायला छपरावर कोण चढणार? सहा महिन्यांत आईने ती फोडून पुन्हा आपली मातीची चूल वैलासकट घातली. बसविणाऱ्यांनी स्वयंपाकघराचे माप घेतले होते, आईला भाकरी कशी करता हे विचारले नव्हते. अशा पुष्कळ चुली ठिकठिकाणी पडून राहिल्या आणि 2002 साली ती योजना बंद झाली.

घाटाखाली कर्जत तालुक्यात निराळी रीत दिसते. पवईच्या आय. आय. टी.त 1985 साली ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले. तिथले विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून खेड्यांत जाऊन राहतात. कर्जतच्या वाड्यांत पाणी कुठून येते, उन्हाळ्यात कुठे तुटते, याचा त्यांनी अभ्यास केला. त्या वाड्यांत हंडा घेऊन बाईच जाते, म्हणजे प्रश्न तिलाच विचारावा लागतो.

2014 पासून केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षणाच्या संस्था निदान पाच पाच खेडी दत्तक घेतात. आपल्या मावळात महाविद्यालये पुष्कळ झाली आहेत, तेव्हा मुलेमुली वही घेऊन आपल्याही ओट्यावर येतील. त्यांना चहा द्यावा, मन मोकळे करून सांगावे. मात्र मंडळाने एक नोंदवही ठेवावी: कोण आले, काय विचारले, कोणत्या बाईने काय दाखविले. आणि जे लिहाल त्याची मराठीतली एक प्रत, सांगणारीच्या नावासह, मंडळाकडे परत आणून द्या, असे त्यांना येतानाच सांगावे. हा ठराव मी पुढच्या मासिक सभेत मांडणार आहे. अनुमोदन देणारी हवी.