एका शब्दाचा अधःपात

‘सिली’ हा इंग्रजी शब्द आज शाळकरी मुलांच्याहि तोंडीं आहे, आणि त्याचा अर्थ मूर्ख, वेडगळ एवढाच आपण जाणतों. परंतु त्याचें कुळ पाहूं गेल्यास तें मोठें थोर निघतें. प्राचीन इंग्रजींतील ज्या शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ सुखी, भाग्यवान असा होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘झेलिग’ आजहि धन्य याच अर्थानें नांदत आहे. पुढें तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडांतील लोक पुण्यशील व निष्पाप माणसास हें विशेषण लावीत. पण निष्पाप तो निराधार, निराधार तो केविलवाणा, केविलवाणा तो दुबळा, अशा पायऱ्या उतरत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा शब्द मूर्खापाशीं येऊन ठेपला. जुने कवि मेंढरांना ‘सिली’ म्हणत, तें निंदेनें नव्हे, करुणेनें.

याच्या उलट आपला ‘मुग्ध’ शब्द. मुह् धातूपासून निघालेल्या या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ भांबावलेला, अजाण. ‘मूढ’ हा त्याचा सख्खा भाऊच. परंतु मूढ खालींच राहिला आणि मुग्ध मात्र निरागस व मोहक होऊन वर चढला. एके ठिकाणीं अजाणपणांत गोडवा दिसला, दुसऱ्या ठिकाणीं निष्पापपणांत बावळेपणा.

शब्दाला चढविते वा उतरविते ती बोलणाऱ्यांची दृष्टि. सरळ माणसाला ‘भोळसट’ म्हणून आपण हंसतों, तेव्हां आपणहि त्याच पायऱ्या उतरत असतों.