ओहमचा भागाकार, जूलचा गुणाकार

विजेच्या दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो आणि दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, एवढे गणित आज शाळेतला मुलगा पाटीवर मांडून मोकळा होतो. परंतु हा भागाकार करता येण्यापूर्वी भाज्य कोणते, भाजक कोणता आणि दोहोंची मोजदाद कोणत्या मापाने करावयाची, याचा निवाडा व्हावा लागला, आणि व्होल्टाने 1800 साली विजेचा प्रवाह देणारी आपली धातूंच्या चकत्यांची चळत जगापुढे मांडल्यापासून तो निवाडा पुरा होण्यास ऐंशी वर्षे लागली.

या भागाकाराच्या नियमाचा पहिला हक्कदार खरे पाहता हेन्री कॅव्हेंडिश. 1781 च्या सुमारास, प्रवाहमापक यंत्र अस्तित्वातच नसताना, या विक्षिप्त धनिकाने क्षारजलाच्या नळ्यांतून आपल्याच देहाला बसणाऱ्या धक्क्यांची तुलना करून जवळजवळ हाच नियम हस्तगत केला होता. पण कागद प्रसिद्ध करण्याची तसदी त्याने घेतली नाही आणि ते दप्तर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1879 साली छापून काढीपर्यंत दुसऱ्याच्या नावाची सनद कायम होऊन चुकली होती.

तो दुसरा म्हणजे गेऑर्ग सायमन ओहम. एर्लांगेन गावी कुलुपे घडवून पोट भरणाऱ्या, परंतु स्वप्रयत्नाने गणित शिकून तेच मुलांना शिकविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा कोलोनच्या शाळेत अध्यापक होता, आणि शाळेच्या उपकरणांवर रिकाम्या वेळी प्रयोग करीत असे. 1825 साली त्याने जो पहिला निबंध छापला त्यातले सूत्र चुकीचे निघाले, कारण ज्या चळतीतून तो प्रवाह घेई तिचा जोर जोडणी करताच ओसरू लागे, आणि मापणाऱ्याचे मूळ भांडवलच क्षणोक्षणी घटत असता हिशेब जुळावा कसा? तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला सल्ला दिला, की झेबेकने 1821 साली शोधलेले उष्णताजन्य विद्युत्साधन वापरून पाहा. ओहमने तांबे आणि बिस्मथ यांची जोडणी करून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. माझ्या मते या कुळकथेतला खरा क्षण हाच. सूत्र मागाहून आले. उकळते पाणी आणि वितळते बर्फ आपापल्या उष्णतामानापासून ढळत नाहीत, म्हणून त्यांच्यामुळे उपजणारा जोरही ढळत नाही, आणि एक राशी अशी खुंटीला बांधून ठेवल्यावरच दुसरीची परीक्षा घेता येते.

1826 च्या जानेवारीत त्याने सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक मंडलात घातल्या आणि वळलेली चुंबकसूची मूळ जागी आणण्यासाठी तिच्या टांगणीला किती पीळ द्यावा लागतो ते वाचले. 2 इंचांच्या तारेला आकडा आला 326¾ आणि 130 इंचांच्या तारेला 48½. तार पासष्ट पट लांबली, तरी प्रवाह पावणेसात पटच घटला! उतावळ्या माणसाने येथे नियमाची आशा सोडली असती. ओहमने मात्र ताडले, की ते साधन स्वतःच त्याच तारेच्या 20¼ इंचांइतका अडथळा करते. तो दोन्हीकडे मिळविला की 22¼ आणि 150¼ यांचे प्रमाण पावणेसातच येते.

1827 साली त्याने हे सारे गणिती ग्रंथरूपाने मांडले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडपणेच झाले, 1828 साली कोलोनची नोकरी सुटली, आणि 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले तेव्हा कोठे परक्या मुलखातून मान आला.

गुणाकाराचा वंश निराळा, आणि तो नफ्यातोट्याच्या चिंतेतून निघाला. मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमधल्या बीअर गाळणाऱ्या घराण्यातला जेम्स जूल वाफेच्या यंत्राऐवजी विजेचे यंत्र स्वस्त पडेल काय, याचा विचार करीत होता. बॅटरीत खर्ची पडणारे जस्त कोळशापेक्षा महाग पडते, असे त्याला कळून आले. पण त्या ओघात, 1840 साली, पाण्यात बुडविलेल्या तारेच्या वेटोळ्याने पाणी किती तापते हे मोजून त्याने ठरविले, की उपजणारी उष्णता रोधाच्या आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्या वर्गातला एक प्रवाह रोधाशी गुणला की ओहमच्या नियमाने दाब होतो, आणि उरतो तो दाब गुणिले प्रवाह.

मापे मात्र पंडितांनी नव्हे, समुद्रातल्या तारांनी ठरवून घेतली. 1858 ची अटलांटिक तार काही आठवड्यांतच निकामी झाली, भारताकडे येणारी तांबड्या समुद्रातली तारही बुडीत खाती गेली, आणि 1861 साली ब्रिटिश असोसिएशनला रोधाचे प्रमाणभूत माप ठरविण्यासाठी समिती नेमावी लागली. सुएझहून एडनमार्गे मुंबईला तार आली ती 1870 साली. अशी तार समुद्रात तुटली, तर किनाऱ्यावरून दाबाला प्रवाहाने भागून येणारा रोध दर मैलाच्या रोधाने पुन्हा भागीत, आणि दुरुस्तीचे जहाज कोठे धाडावे ते सुमाराने कळे. कंपन्यांचा पैसा या भागाकारावर अवलंबून होता. पुढे 1881 च्या पॅरिस परिषदेने ओहम, व्होल्ट आणि अँपिअर यांवर मोहोर उठविली, आणि 1882 साली विल्यम सीमेन्सने एक व्होल्ट गुणिले एक अँपिअर याला वॉट म्हणावे, अशी सूचना केली.

हा हिशेब घरच्या दिव्याला लावताना ओहमचे बर्फ आणि उकळते पाणी, म्हणजे उष्णतामान खुंटीला बांधण्याची खबरदारी, विसरून चालत नाही. 230 व्होल्टवर जळणारा 100 वॉटचा तंतुदीप सुमारे 0.43 अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध 529 ओहम. पण तोच दिवा थंड असता मोजला तर रोध भरतो जेमतेम 40 ओहमच्या आसपास, आणि त्यावरून शक्ती काढली तर तेराशे वॉटांवर जाते. कारण तापल्यावर टंगस्टनचा रोध कैक पटींनी वाढतो. थंड दिव्यावरून काढलेला तो मोठा आकडाही सर्वस्वी खोटा नव्हे, कारण बटन दाबल्याच्या पहिल्या निमिषात प्रवाह खरोखरच त्या प्रमाणात उसळतो, आणि म्हणूनच जुना दिवा उडतो तो बहुधा लावतानाच.