तळटीप : ‘टुमॉरो’

लेखकाने ओझरता उल्लेख केलेला ‘टुमॉरो’ हा लंडनमधला सायकेडेलिक रॉकचा चौघांचा बँड. गायक कीथ वेस्ट, गिटारवर स्टीव्ह हाऊ, बासवर जॉन वुड, ड्रम्सवर ट्विंक. १९६७मधल्या त्यांच्या ‘माय व्हाइट बायसिकल’ या गाण्यामागे ॲमस्टरडॅमच्या ‘प्रोव्हो’ चळवळीतल्या तरुणांची कल्पना आहे : सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर बिनकुलपाच्या सोडायच्या, ज्याला हवी त्याने न्यावी, काम झालं की तिथेच ठेवावी. सायकलीला कुलूप नसणं हाच गुन्हा ठरवून पोलिसांनी त्या उचलून नेल्या! गाण्यात टेप उलटी फिरवून काढलेले आवाज आहेत. ते हेडफोनवर ऐकावेत.

त्याच वर्षी वेस्टचं ‘एक्सर्प्ट फ्रॉम अ टीनेज ऑपेरा’ हे एकट्याच्या नावावरचं गाणं लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि बँड झाकोळला. त्यांचा एकुलता अल्बम १९६८मध्ये आला, तोवर उशीर झाला होता. त्याच वर्षी बँड फुटला. हाऊ १९७०मध्ये ‘येस’ या बँडमध्ये गेला. संपादकाच्या मते ‘टुमॉरो’ची ओळख ‘हाऊचा जुना बँड’ एवढीच उरणं अन्यायाचं आहे. ‘माय व्हाइट बायसिकल’ मात्र १९७५मध्ये ‘नाझरेथ’ या बँडने गाऊन यादीत नेलं.