प्लुटोनियम : तुर्भे येथील निर्मितीचा इतिहास

प्लुटोनियम हे किरणोत्सर्गी, धातुरूप मूलद्रव्य असून त्याचा अणुक्रमांक ९४ आहे. ग्लेन सीबॉर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९४०–४१ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे त्याचा शोध लावला. भारतात ते मुंबईतील तुर्भे येथे मिळविण्यात आले. तेथील सायरस अणुभट्टी १९६० मध्ये कार्यान्वित झाली. तीत युरेनियम–२३८ न्यूट्रॉन शोषून अखेरीस प्लुटोनियम–२३९ बनत असे. वापरलेले इंधन नायट्रिक अम्लात विरघळवून हे मूलद्रव्य अलग करणारे संयंत्र होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली उभारले गेले व १९६४ मध्ये सुरू झाले. या प्लुटोनियमावर १९७२ मध्ये ‘पूर्णिमा’ ही प्रायोगिक अणुभट्टी चालली व १८ मे १९७४ रोजी पोखरणचा चाचणी-स्फोटही झाला. कल्पक्कम येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या द्रुत प्रजनक चाचणी अणुभट्टीचे प्लुटोनियमयुक्त इंधनही तुर्भे येथेच तयार झाले. ऊर्जा व अस्त्र यांचे मूळ असे एकच आहे.

प्लुटोनियम–२३९ चे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) सु. २४,१०० वर्षे आहे. त्याचे आल्फा कण त्वचा भेदू शकत नाहीत. तथापि त्याची धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसे, यकृत व हाडे यांत दीर्घकाळ राहते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ते बंदिस्त पेट्यांतच हाताळतात. सायरस २०१० अखेर कायमची बंद झाली. तिच्यात निर्माण झालेल्या प्लुटोनियमाच्या राखणीची जबाबदारी मात्र संपलेली नाही.