कल्हई

कल्हई : तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देण्याची कारागिरी, तसेच तो मुलामा. हे काम करणारा तो कल्हईवाला. पूर्वी तो दारोदार हाळी देत फिरे आणि आळीत भट्टी मांडून घरोघरची भांडी एकदम उरकी.

ताक, चिंचगुळाची आमटी असे आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेत राहिले की धातूचे क्षार अन्नात उतरतात आणि ते कळकते. कथलावर या सौम्य आम्लांचा परिणाम फार थोडा होतो. म्हणून कल्हई लागते ती शिजवण्याच्या व साठवण्याच्या भांड्यांना. पाण्याचा हंडा, बंब, घंगाळ यांना नाही.

जमिनीत उथळ खड्डा खणून कोळसा पेटवतात व भात्याने फुलवतात. भांडे आधी आम्लाने, वाळूने घासून लख्ख करावे लागते. मोठ्या पातेल्यात तर कारागीर चिंध्यांवर उभा राहून, कमरेतून गरगर फिरत पायांनीच घासतो. मग तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर उठतो, धातूवरचा ऑक्साइड सुटतो आणि कथील धरेल असा पृष्ठभाग मिळतो. कथलाची कांडी टेकवताच ते वितळते. कापसाच्या बोळ्याने क्षणार्धात सगळीकडे फिरवून भांडे पाण्यात बुडवतात. खरे कसब इथे तापमान ओळखण्यात आहे, आणि ते नुसत्या नजरेने. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. आच कमी पडली तर गुठळ्या, जास्त झाली तर थर काळवंडतो. तांबे आणि कथील यांच्या सांध्यावर मिश्रधातूचा सूक्ष्म पापुद्रा तयार होतो, त्यामुळे चांगली कल्हई सोलून निघत नाही, झिजते. कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, कारण मुलामा वितळून ओघळतो.

कथील महाग, बरेचसे मलायाकडून येई. म्हणून त्यात स्वस्त शिसे मिसळण्याचा मोह जुना आहे, आणि तो आरोग्याला घातक. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की करकरते, एवढी खूण जाणत्यांना पुरते.

ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील स्वयंपाकघरात आल्यावर धंदा आटला. आता आचाऱ्यांची मोठी पातेली आणि पितळी भांड्यांची परतलेली हौस यांवर काही भट्ट्या चालतात.