ऑक्शन ब्रिज आणि चौथा भिडू

पत्त्यांच्या खेळाला इतिहास तो कसला, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्या ऑक्शन ब्रिजनें क्लबांच्या दिवाणखान्यांवर राज्य केलें, त्याच्या जन्माचा मान हिंदुस्थानाला द्यावा कीं विलायतेला, हा वाद रंजक असल्यामुळें आम्ही तो येथें घेत आहों.

त्यापूर्वींचा ब्रिज निराळा. १८८६ सालीं जॉन कॉलिन्सन यानें लंडनमध्यें 'बिरिच' या खेळाचे नियम छापले व १८९४ पासून तो पोर्टलंड क्लबांत रुजला. त्यांत हुकूम ठरविण्याचा अधिकार पानें वाटणाराचा. त्यानें सोडल्यास त्याच्या भिडूचा. प्रतिपक्षाच्या हातीं कितीहि उत्तम पानें असोत, आपला हुकूम सुचविण्याची त्याला सोय नाहीं!

परंपरागत हकीकत अशी कीं, हिंदुस्थानांतील एका आडबाजूच्या ठाण्यावर तीन इंग्रज अंमलदारांना चौथा भिडू मिळेना. तेव्हां त्यांनीं हुकुमाचा लिलावच पुकारला. अधिक बोली बोलेल त्यानें हुकूम ठरवावा व चौथीं पानें डमी म्हणून घ्यावीं. १९०४ सालीं अलाहाबादेस 'जॉन डो' या टोपणनांवानें या खेळाचें पुस्तक निघालें. उलट, ऑस्वाल्ड क्रॉफर्ड यांचें लंडनच्या 'टाइम्स'मधील पत्र १६ जानेवारी १९०३ चें आहे. तारखेनें विलायत पुढें ठरते. परंतु छापील तारीख म्हणजे जन्मतिथि नव्हे, आणि चौथ्याची वानवा लंडनपेक्षां छावणींतच अधिक. आमचा कल इकडे आहे, पण कल म्हणजे पुरावा नव्हे, हेंहि कबूल केलें पाहिजे.

ही अडचण आपल्याकडेहि जुनीच. देवळाली प्रवरेसारख्या गांवीं ओसरीवर तिघेच जमले तर पाच-तीन-दोन मांडावा: तीस पानें, प्रत्येकास दहा; ज्यानें पाच हात करावयाचे त्यानें पहिलीं पाच पानें पाहून हुकूम बोलावा. येथें कोणीं किती हात करावयाचे तें आधींच ठरलेलें. ऑक्शनची नवलाई हीच कीं, तें खेळणारानें स्वतः सांगावें.

मात्र ही जबाबदारी अर्धीच होती. पुढें स्थिर झालेल्या गणनेंत सहांच्या वरील प्रत्येक हाताला किलवराचे ६, चौकटचे ७, बदामाचे ८, इस्पिकचे ९ व बिनहुकमीचे १० गुण. ३० झाले कीं डाव. इस्पिकचा एक बोलून चार केले तरी ३६ गुण पदरांत! अशा भित्र्या बोलीला हॅरल्ड व्हँडरबिल्ट यानें १९२५ सालीं 'फिनलंड' जहाजावरील प्रवासांत चाप लावला: बोलाल तेवढेच डावाकडे धरले जातील. फ्रेंच 'प्लाफाँ'मध्यें हें तत्त्व आधींच होतें. गुणांची नवी मांडणी मात्र त्याची. थोड्याच वर्षांत ऑक्शन मागें पडला. किलवरापासून बिनहुकमीपर्यंतचा बोलीचा चढता क्रम तेवढा कॉन्ट्रॅक्ट ब्रिजनें त्याचाच ठेवला आहे.