फिल्म कोणी धरायची?

उजनी जलाशयाच्या काठी, करमाळा-माढ्याकडच्या बाजाराच्या गावांत दातांचे दवाखाने आता सहज दिसतात. गाळा एवढासा, त्यातच खुर्ची, एक्स-रेचे यंत्र आणि मदतीला जवळपासच्या गावातली एखादी मुलगी. अशाच एका दवाखान्यात मी दाढ दाखवायला गेलो होतो. एका रडणाऱ्या पोराच्या तोंडात त्या मुलीने बोटाने फिल्म धरली आणि डॉक्टरांनी बटण दाबले. दोघांनाही त्यात वावगे वाटले नाही. मला मात्र न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स आठवले.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी केल्स ते दातांसाठी वापरू लागले. नळी नीट चालते का हे पाहायला ते स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. किरण दिसत नाहीत आणि लागले तरी त्या क्षणी दुखत नाही. पुढे हाताला कर्करोग झाला. आधी बोटे गेली, मग हात. एकामागून एक शस्त्रक्रिया सोसून १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच आयुष्य संपवले. धोका कोणालाच ठाऊक नव्हता, असेही नाही. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्येच गिनिपिगांवर प्रयोग करून हे किरण जीव घेतात असे दाखवले होते आणि नळीभोवती शिशाचे आवरण हवे, असे सांगितले होते. फार थोड्यांनी ऐकले.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले, दंतवैद्यक कायदा १९४८ मध्ये आला. त्या पिढ्यांचा रोजचा सोबती होता पारा. आपण ज्याला ‘दातात चांदी भरणे’ म्हणतो, ती चांदीमिश्रित पूड पाऱ्यासह खलात घोटायची आणि जादा पारा कापडातून पिळून काढायचा. काही जण गोळा तळहातावरच मळत. पारा साध्या तापमानालाही वाफ सोडतो. फरशीच्या फटीत सांडलेला थेंब तर महिनोन्‌महिने. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांची स्मरणशक्ती प्रयोगशाळेतल्या पाऱ्याने ढासळली होती. त्यांनी १९२६ मध्ये दातांतल्या पाऱ्याविरुद्धही इशारा दिला. बंद कॅप्सूल आल्या आणि हाताचा संबंध बराच तुटला. उरलेला चुरा मात्र बेसिनमध्ये न सोडता झाकणाच्या बरणीत ठेवावा लागतो. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, हे इथल्या मासेमाऱ्यांना सांगायला नको.

सुईची गोष्ट याहून धाकटी. हिपॅटायटिस-बीची लस १९८०च्या दशकात आली, हातमोजे सार्वत्रिक झाले ते एड्सच्या भीतीने. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवताना आजही बोटे टोचतात; टोपण ट्रेमध्ये ठेवून एकाच हाताने उचलावे, एवढाच उपाय. मानेचे आणि पाठीचे दुखणे तर दंतवैद्य धंद्याचाच भाग समजतात, त्याची तक्रार कोणी करीत नाही.

एक्स-रेचा नियम साधा आहे: कर्मचाऱ्याने फिल्म धरायची नाही, झोताबाहेर, निदान दोन मीटर दूर किंवा आडोशामागे उभे राहायचे. पोर अगदीच लहान असेल तर शिशाचा ॲप्रन घालून आईबापांपैकी कोणी धरावे, कारण त्यांच्यावर ही वेळ एखाददुसऱ्यांदाच येते. मदतनीस मुलीवर ती रोज येते.

माझी पाळी आली तेव्हा मी डॉक्टरांना फिल्म होल्डरबद्दल विचारले. ते हसले. “आहे ना, ड्रॉवरमध्ये आहे. पोरं तोंडात धरत नाहीत हो.” मुलीला लसीचे तीन डोस झालेत का, हेही विचारले. त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे.